केरबा आणि मालगाडीचा डबा

सावरखेड जंक्शनच्या मागं रेल्वेची जुनी वसाहत आहे. तिथं केरबा नावाचा एक भोळा सुतार राहायचा. हात त्याचा फार बारीक. तांदळाच्या दाण्यावर गणपती काढ म्हटलं तर काढायचा. आणि काढून झाला की दाणा भाताच्या पातेल्यात टाकायचा, कारण तांदूळ पातेल्यातच टाकतात.

सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण होती ती तेवढीच.

एका बाईंनी त्याला सांगितलं, आमच्या बाळाच्या मापाचा पाळणा कर. केरबानं बाळाला चटईवर निजवून माप घेतलं आणि बरोब्बर तेवढा पाळणा केला. दोन महिन्यांत बाळाचे पाय बाहेर आले. असं दोन-चार ठिकाणी झालं आणि लोक दुसऱ्या सुताराकडे जायला लागले.

केरबाची बायको इंदुमती व्रतंवैकल्यं करणारी होती. चैत्रात ती गावाबाहेरच्या यमाईच्या देवळात गेली, ओटी भरली आणि म्हणाली, "आई, यांच्या हातून एक काम धड पुरं होऊ दे. तोवर मी गोड खाणार नाही."

तेव्हापासून तिचं गोड सुटलं. चहा बिनसाखरेचा. बारशाचा पेढा ती घरी आणून शेजारी देई. लग्नात जिलेबीची परात आली की ती पानावर हात आडवा धरी. शेजारच्या रुक्मिणीकाकू तिला म्हणाल्या, "इंदू, यमाईकडे दुसरं काहीतरी माग गं. विहिरीला पाणी माग. लवकर लागेल." इंदुमती हसली आणि चहा प्यायली.

श्रावण लागता लागता अंतूकाकांनी केरबाला बोलावणं पाठवलं.

अंतूकाका म्हणजे रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीच्या डब्यांवर अक्षरं रंगवणारे पेंटर. डब्याचा नंबर, वजन, भार, सगळं हातानं लिहायचे. निवृत्त झाल्यावर घरी छोटे डबे आणि छोटी डिझेल इंजिनं करायला लागले. रंगवून, अक्षरं लिहून, रुळांवर फिरतील अशी. वाचनालयामागच्या बंद रुळावर एक खरा डबा उभा होता. काकांनी तरुणपणी अक्षरं लिहिलेला तो पहिला डबा. त्याचीच हुबेहूब छोटी प्रतिकृती वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवायची असं वसाहतीनं ठरवलं होतं. दसऱ्याला सोहोनीसाहेब येऊन तपासणार होते. त्यांचा जन्म मालडबे तपासण्यात गेला होता. त्यांना पसंत पडला तर डबा कपाटात जाणार, नाहीतर नाही.

काकांचा हात आता थरथरत होता. म्हणून केरबा.

इंदुमतीनं त्याला दारात निरोप दिला. हेच ते काम, असं तिच्या मनानं घेतलं. "अहो, ते सांगतील तसंच करा," ती म्हणाली.

केरबानं मान डोलावली.

पहिल्या दिवशी काका म्हणाले, खरा डबा नीट बघून ये आणि त्यावर जे जे आहे ते ते छोट्या डब्यावर कर. केरबा वही घेऊन गेला. दोन दिवस बसला. मग आठ दिवस राबून त्यानं छोटा डबा आणून काकांच्या पुढ्यात ठेवला.

काकांनी भिंग लावलं. दारं झकास. रिबिटं मोहरीहून बारीक. अक्षरं मुंगीच्या डोळ्याएवढी आणि एकही वाकडं नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी डबा फिरवला. दुसऱ्या बाजूला खडूनं लिहिल्यासारखं पांढऱ्या अक्षरांत होतं, 'नादुरुस्त. चालवू नये.' त्याच्या शेजारी कावळ्याची घाण होती. शिडीवर एक धोतर वाळत होतं.

"हे धोतर कुठून आलं?"

"गँगमननं वाळत घातलंय, काका. त्याचं खरं. हे मी माझ्यातलं कापलं."

काकांनी डोळे मिटले. मग शांतपणे समजावलं, की असं नसतं. डाग, घाण, खडूच्या रेघा उतरवायच्या नसतात. मळ दिसला की तो काढून टाकायचा आणि डबा स्वच्छ करायचा.

केरबानं मान डोलावली. धोतर काढलं.

दुसऱ्या दिवशी काका दुपारचे जरा आडवे झाले. फळीवर त्यांचा एक कोळशाचा छोटा डबा होता. तो त्यांनी तीन महिने खपून जुना दिसेलसा केला होता. कडांना गंजाचा रंग, वर काजळी, कोपऱ्यांत कोळशाची पूड. केरबाला तो दिसला. मळ दिसला. त्यानं चुलीतली राख आणली, नारळाची शेंडी आणली आणि डबा असा घासला की काका उठले तेव्हा तो ताटासारखा लखलखत होता.

काकांनी डबा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "केरबा, हा मळ मी मुद्दाम लावला होता. रोजच्या वापरातली वस्तू वापरलेली दिसली पाहिजे रे. काजळी दिसली पाहिजे. गंज दिसला पाहिजे. त्यानंच तिच्यात जीव येतो."

केरबाला हे फार पटलं. तो घरी गेला.

घरी इंदुमतीनं श्रावणी शुक्रवारच्या पूजेसाठी समई, निरांजन, तांब्या, पळी असं सगळं चिंचेनं घासून उन्हात ठेवलं होतं. ती फुलं आणायला गेली होती. केरबानं बघितलं. समई रोज लागते आणि नवी कोरी दिसतेय. त्यानं खिशातून ब्रश काढला. समईला काजळी चढवली. तांब्याच्या कडेला गंज दिला. पळीला इतका सुरेख गंज दिला की ती शंभर वर्षं विहिरीत पडली होती असं कुणालाही वाटलं असतं.

इंदुमती परत आली. परडी खाली ठेवली. क्षणभर तिला वाटलं, आपण दुसऱ्याच्या घरात आलो.

"आता जीव आला त्यांच्यात," केरबा म्हणाला.

ती रागावली नाही. चिंच पुन्हा भिजत घातली. घासता घासता म्हणाली, "अहो, देवाच्या वस्तूला काळं लावू नये. जिथं दैवत आहे तिथं अंघोळ करून जावं, दैवताला पंचामृतानं न्हाऊ घालावं, फूल वाहावं. एवढं लक्षात ठेवा."

केरबानं लक्षात ठेवलं.

सोमवारी काकांनी कपाटातून मखमलीत गुंडाळलेलं डिझेल इंजिन काढलं. वीतभर लांब, निळं, मधोमध पिवळा पट्टा. आत बोटाएवढी विजेची मोटर. छोटा डबा तयार झाला की साहेबांपुढं तो ओढून दाखवायचं काम या इंजिनाचं. काकांनी ते टेबलावर ठेवलं, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "केरबा, हे माझं दैवत आहे बघ. याला सांभाळ. मी औषध घेऊन येतो."

केरबा उठला आणि घरी जाऊन अंघोळ करून आला. येताना दूध, दही, तूप, मध, साखर घेऊन आला. इंजिनाला ताम्हनात बसवलं. वरच्या झडपेतून आधी दूध घातलं, मग दही. तूप थिजलेलं होतं, ते काडीनं आत ढकललं. मध हळूहळू गेला. शेवटी साखर. वर जास्वंदीचं फूल.

काका औषधाची बाटली घेऊन आले आणि दारातच उभे राहिले.

"न्हाऊ घातलं," केरबा म्हणाला.

ते औषध काकांनी तिथंच दोन चमचे घेतलं. मग पाच दिवस ते इंजिन उघडून पुसत होते. सहाव्या दिवशी ते चाललं, पण तव्यावर तूप कढवल्यासारखा वास यायचा आणि घरभर मुंग्या झाल्या.

इंदुमतीला हे कळलं तेव्हा ती अंतूकाकांकडे गेली आणि पदर सावरून उभी राहिली. काकांनी केरबाला काढून टाकलं तर सगळंच राहिलं. काका तिला म्हणाले, "सूनबाई, असा हात मी उभ्या जन्मात बघितला नाही. तो गेला तर डबा कोण करणार? चूक माझी. मी त्याला मूळ गोष्टच सांगितली नाही." आणि त्यांनी केरबाला समोर बसवून मूळ गोष्ट सांगितली.

"हे बघ. ही खऱ्याची नक्कल आहे. खरं आणि छोटं, यांच्यात हिशेब एकच. खऱ्यापेक्षा छोटं सत्त्याऐंशी पटीनं लहान. चाक असो, दार असो, अक्षर असो. खऱ्याला सत्त्याऐंशीनं भागायचं की छोट्याचं माप. छोट्याला सत्त्याऐंशीनं गुणायचं की खऱ्याचं. यात पंचामृत कुठं येत नाही."

केरबानं दोनदा म्हणून दाखवलं. बरोबर म्हणाला.

आणि खरंच, तिथून पुढं काम रुळावर आलं. आधीच्या डब्याचा रंग त्यानं काढला, अस्तराचा करडा रंग दिला. महिनाभर एकही चूक झाली नाही. इंदुमती रोज संध्याकाळी यमाईला दिवा लावी आणि रुक्मिणीकाकू त्या दिव्यात थोडं तेल आपलंही घालू लागल्या.

दसऱ्याला तीन दिवस राहिले. काकांना सोहोनीसाहेबांना आणायला त्यांच्या गावी जायचं होतं. निघताना ते पायरीवर थांबून म्हणाले, "आज शेवटचा तांबडा रंग दे. एक दिवस वाळू दे, मगच हात लाव. वाळल्यावर अक्षरं लिही. रंगावर काही झालंच तर पुसू नकोस, खरडू नकोस, रंग जाईल. आणि मी साहेबांना घेऊन येईन तेव्हा खऱ्या डब्यात आणि छोट्या डब्यात केसाचा फरक दिसता कामा नये."

केरबानं सगळं म्हणून दाखवलं. काका समाधानानं गेले.

केरबानं तांबडा रंग दिला. काचेसारखा बसला. एक दिवस वाळू द्यायचा. पण तो खऱ्या डब्याचा दिवस. छोट्या डब्याला सत्त्याऐंशीनं भागायचं. केरबानं पाटीवर गणित मांडलं. साडेसोळा मिनिटं आली. खात्रीसाठी तो सतरा मिनिटं थांबला.

मग त्यानं डबा उचलला.

अंगठा रंगात रुतला. काढला तेव्हा डब्याच्या बाजूवर अख्खा अंगठा उमटला होता, रेघा-भोवऱ्यांसकट, खालचं करडं अस्तर दिसत होतं. तो बघत असतानाच इंजिनातून आलेली एक मुंगी शेजारी चढली आणि तिथंच चिकटून मेली.

केरबा घाबरला नाही. पुसायचं नाही, खरडायचं नाही, हे त्याला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी रंग खडखडीत वाळला तेव्हा त्यानं अक्षरं लिहिली, अंगठ्याच्या बाजूनं वळसा घालून. आता दोन्ही डब्यांत फरक होता. आणि फरक राहता कामा नव्हता.

त्यानं अंगठा मोजला. उंची एक इंच. गुणिले सत्त्याऐंशी. सव्वासात फूट.

तो शिडी घेऊन वाचनालयामागं गेला.

दसऱ्याच्या सकाळी अंतूकाका सोहोनीसाहेबांना घेऊन आले. वसाहत जमली होती. इंदुमती नवं लुगडं नेसून, वाटीत साखर घेऊन कडेला उभी होती. केरबानं छोटा डबा साहेबांच्या हातात दिला आणि सगळे खऱ्या डब्याकडे वळले.

खऱ्या डब्यावर खालपासून वरपर्यंत एक अंगठा होता. प्रत्येक रेघ, प्रत्येक भोवरा. शेजारी खिळ्यांनी ठोकलेली एक कडुलिंबाच्या लाकडाची मुंगी होती. पावणेदोन फुटांच्या वर.

अंतूकाका रुळावर बसले.

सोहोनीसाहेब पुढं झाले. जन्मभर त्यांनी तपासणी केली होती आणि तपासणी करतानाच्या सवयी त्यांना होत्या. त्यांनी भिंग काढलं. छोटा डबा बघितला, खरा बघितला. नंबर जुळला. वजन जुळलं. अंगठ्याच्या रेघा त्यांनी दोन्हीकडे मोजल्या. मग ते मुंगीजवळ गेले.

"पाय?"

"सहा, साहेब."

साहेबांनी भिंगातून छोटी मुंगी बघितली. "सहा," ते म्हणाले. "इतके डबे तपासले, पण इतकं जुळलेलं काम माझ्यासमोर आलं नाही. पसंत."

टाळ्या झाल्या. अंगठ्याचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोललं नाही. छोटा डबा वाजतगाजत वाचनालयात गेला. काचेच्या कपाटात ठेवला. दार लावलं. रुक्मिणीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि इंदुमतीला कोपरानं ढोसलं, "खा गं आता."

इंदुमतीनं यमाईच्या दिशेनं हात जोडले. वाटीतून चिमूटभर साखर उचलली. चैत्रापासून दसरा झाला होता. चिमूट ओठांपर्यंत गेली.

"थांब," केरबा म्हणाला. "अजून पुरं नाही झालं."

तो कपाटाकडे बघत होता. मग खिडकीतून मागच्या रुळाकडे. मग पुन्हा कपाटाकडे.

"छोटा डबा काचेत आहे," तो म्हणाला. "खरा उघड्यावर आहे."

त्यानं खिशातून टेप काढला आणि कपाटाचं माप घेतलं. रुंदी दोन फूट. उंची एक. गुणिले सत्त्याऐंशी. रुंदी एकशे चौऱ्याहत्तर फूट आली, आणि उंची यमाईच्या कळसाच्या वर.

"काच बरीच लागेल," केरबा म्हणाला, आणि टेप सोडत खऱ्या डब्याकडे निघाला.

इंदुमतीनं चिमूट परत वाटीत सोडली, वाटीवर झाकण ठेवलं, आणि टेपचं दुसरं टोक धरायला त्याच्या मागं गेली.