चुकलेली वेलांटी

एका राज्यात सुरथ नावाचा राजा होता. त्याला बोलण्यातली चूक खपत नसे, वागण्यातली तर मुळीच नसे. त्याने शुद्धमणी नावाच्या मांत्रिकाला आज्ञा केली, "मुलांची पुस्तके अशी कर, की ती वाचून पोर कधी चुकायचे नाही." मांत्रिकाने साऱ्या पुस्तकांवर मंत्र घातला. तेव्हापासून जे मूल चुकीचे बोले, त्याची जीभ तिथल्या तिथे गोठे.

ती पुस्तके लिहिली होती राजाच्या लेखिकेने, कनकाईने. त्यांतली मुले न सांगता दात घासत आणि एकही क्रियापद चुकत नसत. कनकाईला त्याचा भारी अभिमान.

वर्षभरात राज्यातली पोरे एकामागून एक मुकी झाली. दुसऱ्यांची पोरे, म्हणून कनकाईने काणाडोळा केला. मग एके सकाळी पाच वर्षांची राजकन्या मंजुघोषा तिच्या मांडीवर बसून म्हणाली, "मी सगळं दूध पिली." म्हणायचे होते 'प्यायले'. पुढचा शब्द फुटलाच नाही. कनकाईच्या काळजात चर्र झाले, कारण या पोरीवर तिचा जीव होता.

बुरुजावर एक साळुंकी राही, ती माणसासारखी बोले. कनकाईने तिला उपाय विचारला.

"मूल पुस्तकाला उलटून बोलेल, तेव्हा मंत्र सुटेल," साळुंकी म्हणाली. "पण तुझ्या पुस्तकांना कोण उलटून बोलणार? काळझऱ्याची शाई आण. बोलक्या भूर्जाची साल आण. नवी गोष्ट लिही आणि भर दरबारात वाच."

"अशुद्ध वाचणाऱ्याचा अंगठा तोडतात."

"तोडतात खरे," साळुंकी म्हणाली.

काळझऱ्यावर सात फण्यांचा नाग बसला होता. तो म्हणाला, "एक वेलांटी चुकवून दाखव आणि शाई ने." कनकाईने वाळूत 'पाणी' लिहिले. बरोबर आले. पुन्हा लिहिले, पुन्हा बरोबर. हाताला दुसरे वळणच ठाऊक नव्हते. तिसऱ्यांदा तिने डोळे घट्ट मिटले आणि दुसरीच्या जागी पहिली वेलांटी ओढली. नाग बाजूला झाला.

भूर्जवृक्ष म्हणाला, "लहानपणची एक लबाडी सांग."

"नैवेद्याचा गूळ मी चाटला आणि भावाचे नाव सांगितले. मार त्याने खाल्ला." चाळीस वर्षे हे तिच्या ओठांवर आले नव्हते. सांगताना ती रडली. झाडाने आपली साल सोलून दिली.

तिसरे काम दरबारातले. राजाच्या मांडीवर मंजुघोषा, शेजारी शुद्धमणी, आणि खाली सुरा घेतलेला सेवक. कनकाई वाचू लागली. एका माकडाने बारा लाडू फस्त केले, तोंड पुसले आणि ते म्हणाले, "म्या न्हाई खाल्लं."

शुद्धमणी उठला. "महाराज, एका वाक्यात खोटेपणा आणि अशुद्धता. अंगठा तोडावा."

कनकाईने हात पुढे केला. तिने तो मागे घेतला नाही. सेवकाने सुरा उचलला, तोच मंजुघोषा लालबुंद होऊन उभी राहिली आणि तिची गोठलेली जीभ सुटली.

"खोटारडा आहे तो! सगळी लाडू त्यानंच खाल्लीत!"

सुरा तिथेच थांबला. बाहेर नगरात एकदम पोरांचा गलका उठला. घराघरांत एकाच वेळी भांडणे, हट्ट आणि गाणी सुरू झाली. राजाने भर दरबारात डोळे पुसले.

शुद्धमणी मात्र हटेना. "महाराज, लाडू पुल्लिंगी. 'सगळे लाडू खाल्ले' असे हवे."

"ते ती शिकेल," राजा म्हणाला. " खोटे ओळखायला तिला कोणी शिकवले, ते सांग. आजवरच्या पुस्तकांत तर खोटे बोलणारा एकही नव्हता."

राजाने मांत्रिकाला फर्मानांच्या चुका काढायच्या कामावर नेमले, आणि ते काम त्याने चोख केले. कनकाईच्या पुस्तकांत पुढे गुणी मुलेही आली, चोरटी माकडेही आली, आणि जो तो आपापल्या तोंडाने बोलू लागला. पण ते पुढचे. त्या दिवशी शुद्धमणीने जाता जाता पुन्हा म्हटले, "महाराज, खाल्लीत नव्हे, खाल्ले."

"खाल्लीत तर खाल्लीत," राजा म्हणाला. "कनकाई, पुढे वाच."