प्रमुखाच्या खुंटीवरचा शंख

खूप जुनी गोष्ट, आजोबांच्या आजोबांनाही जुनी वाटेल अशी. फिलिपिन्सच्या एका बेटावर समुद्राला खेटून एक लहानसं गाव होतं. माणसं मासे धरत, वाळूत सुकवत, आणि दिवस कलला की एकमेकांच्या पायऱ्यांवर बसून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत.

या गावातली घरं चालायची. हसू नका, खरंच चालायची. घर म्हणजे काय, तर बांबूचा सांगाडा, वर झावळ्यांचं छप्पर आणि खाली उंच खांब. समुद्र फार जवळ आला की चौकातल्या झाडावर टांगलेला मोठा शंख कुणीतरी फुंकायचं. तो ऐकला की हातातलं जाळं टाकून गाव धावायचं. घराखाली लांब बांबू बांधायचे, त्यांना खांदे लावायचे आणि अख्खं घर उचलून उंचावर नेऊन ठेवायचं. मजुरी काही नाही. ज्याचं घर, त्याने सगळ्यांना आलं घातलेली गरम पेज वाढायची, एवढंच.

किनाऱ्यावरच्या शेवटच्या घरात इस्यांग राहायची. ताडाच्या पात्यांच्या चटया विणणारी, एकटी, आणि तोंडाची तिखट. गावातलं एकही घर असं नव्हतं, जे तिच्या खांद्यावरून गेलं नाही. "अरे, वाकता काय नवरीसारखे? उचला!" ती ओरडायची, आणि घर उचललं जायचं.

एके दिवशी गावचा प्रमुख म्हणाला, "पोरं उगाच शंख फुंकतात. वाऱ्यापावसात तडकेल एखाद्या दिवशी. माझ्याकडे ठेवतो जपून."

लोकांना ते पटलं. इस्यांगलाही पटलं, हे सांगितलं पाहिजे. शंख प्रमुखाच्या घरातल्या खुंटीवर गेला. त्यानंतर तो हवा असेल त्याने प्रमुखाला विचारायचं, अशी रीत पडली. रीत कुणी पाडली, हे कुणीच विचारलं नाही.

मग शंख वाजू लागला तो प्रमुखासाठीच. दुपारचं ऊन लागतं, घर सावलीत न्या. सावलीत डास आहेत, घर टेकडीवर न्या. टेकडीवरून जत्रा दिसत नाही, घर चौकात आणा. वर त्याच्या घराची जमीन जाड लाकडी फळ्यांची, म्हणजे ओझं दुप्पट! खांदे सोलून निघाले, पण गाव मूग गिळून घर उचलत राहिलं. पेजही हळूहळू पातळ होत गेली.

एका सकाळी इस्यांगच्या खांबांखालची वाळू सरकू लागली. ती धावत चौकात आली, तर काय? सगळा गाव प्रमुखाच्या घराखाली. त्याला आता समुद्राची गार हवा हवी होती, म्हणून घर पार किनाऱ्याच्या टोकाला निघालं होतं.

"माझं घर चाललंय!" ती किंचाळली. "आधी तिकडे चला!"

प्रमुख वरच खिडकीत बसला होता. "एका दिवसात दोनदा शंख नाही वाजत, बाई. उद्या बघू."

"समुद्र उद्यापर्यंत थांबणार आहे का?"

प्रमुखाने मान फिरवली. इस्यांगने बांबूखालच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. यांची घरं तिने वाहिली होती. कुणी मान वर केली नाही. उलट एकजण कुजबुजला, "जाऊ दे ना इस्यांग, कशाला वाकड्यात शिरायचं?"

ती परतली तेव्हा घर पाण्यात आडवं झालं होतं. छप्पर तेवढं तरंगत होतं, आणि अर्धवट विणलेली चटई. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती. टेकडीवर चार बांबू रोवून तिने एकटीने खोपट उभं केलं. मदतीला आलेल्यांना तिने हाकलून दिलं, आणि बरोबर केलं.

पुढे वादळ आलं. भरदुपारी अंधारलं, लाटा किनाऱ्याच्या टोकावर आदळू लागल्या. शंख वाजला. पुन्हा वाजला.

गावाने ऐकला. "आता काय हवंय त्याला? ऊन?" म्हणत माणसं घरातच बसली.

इस्यांगचे हात चटईवर थांबले. 'बरं झालं,' असं तिच्या मनात आलं. पण त्या आवाजातली भीती तिने ओळखली, तिला कुठली चैन पडायला! प्रमुखाला शिव्या घालत ती उतरली आणि त्याच्या घराच्या बांबूला तिने खांदा लावला. दुसऱ्या बाजूला तो एकटा. घर तसूभरही हललं नाही.

"लोकांना बोलाव!" तो रडकुंडीला आला. "तुझं ऐकतील!"

"माझं? त्या सकाळी ऐकलं होतं?"

मोठी लाट येताना दिसली. तिने त्याला दंडाला धरून ओढत वर आणलं. मागे जाड फळ्यांची ती जमीन कडाकड मोडली, आणि घर गेलं.

तो आवाज ऐकून लोक धावले, पण उशीर झाला होता. इस्यांगने प्रमुखाच्या हातातला शंख हिसकावला आणि गावाकडे वळली.

"याला काय बोलायचं? तुम्ही दिलात म्हणून याने घेतला. माझं घर बुडताना माना खाली घातल्यात, तेव्हाच याचंही बुडालं, आणि तुमचंही बुडालं असतं!"

तिने शंख पुन्हा चौकातल्या झाडावर टांगला.

वादळ ओसरलं आणि एका म्हाताऱ्या कोळ्याचं घर कलंडू लागलं. शंख वाजला. सगळा गाव धावला, प्रमुखसुद्धा. इस्यांगही आली. राग तिचा गेला नव्हता, कुणाशी ती बोललीही नाही, पण बांबूला खांदा मात्र तिने सगळ्यांच्या आधी लावला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: सगळ्यांची हाक एकाच्या खुंटीवर टांगली, की संकटात ती कुणाच्याच कामी येत नाही.