तीन करवंट्या काव्हा

“डोंगरी बेटावरचा काव्हा तीन करवंट्या प्यायला, की दोन दिवस माणूस…”

पुढचं वाऱ्याने नेलं. फार फार वर्षांपूर्वी, भर समुद्रातल्या एका वाळूच्या बेटावर मुखियाची बहीण जाळी वाळत घालत होती. जवळून गेलेल्या परक्या होडीतून एवढंच तिच्या कानी पडलं. आता अर्धं वाक्य घेऊन घरी कसं जायचं? तिने ते वाटेतच पुरं केलं. दुपारपर्यंत बेटभर झालं, की तो काव्हा प्यायलेला माणूस दोन दिवस तडफडतो आणि मरतो.

काव्हा म्हणजे एक झुडूप, बरं का. त्याचं मूळ कुटायचं, पाण्यात पिळायचं आणि नारळाच्या करवंटीतून प्यायचं. जीभ बधिर होते, मन निवतं. त्या बेटांवर सोयरीक असो की भांडण, काव्हा प्यायल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नसे.

पण सगळीकडचा काव्हा एक नव्हता. वाळूच्या बेटावरची माती पातळ, मूळही हलकं. माणसं चार-चार करवंट्या प्यायची, गाणी म्हणायची आणि आपल्या पायांनी घरी जायची. तीनच्या आत पाहुणा उठला, तर त्याच्या मनात काहीतरी आहे असं समजत. डोंगरी बेटावर काळी माती, सदा धुकं. तिथलं वाणच वेगळं, आणि झुडपं पाच-पाच वर्षं वाढवलेली. तिथली माणसं अर्धी करवंटी घेऊन मुकाट बसत. मात्र पाहुण्याने करवंटी पुढे केली, तर ती रिकामी ठेवणं त्यांना मोठी लाज वाटे.

त्या वर्षी वादळात वाळूच्या बेटावरच्या विहिरीत समुद्र शिरला. एकच विहीर होती, ती खारट झाली. लेकरं नारळपाण्यावर जगू लागली आणि नारळही संपत आले. डोंगरी बेटावर मात्र गोडा झरा होता. त्याचं पाणी मागायला म्हातारा मुखिया निघाला. होड्यांतून माणसं घेतली, बहिणीलाही घेतलं.

ती वाटभर सांगत होती, की दादा, तिथे काही पिऊ नकोस. तो म्हणाला, असं असतं तर ते बेट कधीच ओस पडलं असतं.

डोंगरी बेटाच्या मुखियाणीने आदराने बसवलं. अर्धी करवंटी भरून हातात दिली.

“आमचं मूळ जड आहे, भाऊ. एवढं पुष्कळ झालं.”

“पाहुण्याला अर्धी?” म्हातारा हसला. “आमच्याकडे अर्धी करवंटी रुसलेल्या जावयाला देतात.”

सगळे हसले. त्याने करवंटी रिकामी करून पुढे केली. मुखियाणी जरा थांबली, पण पाहुण्याला नको कसं म्हणायचं? तिने भरली. बहिणीने त्याची बाही ओढली. तो हळूच म्हणाला, “तीनच्या आत उठलो तर झरा गेला, बाई. सोड मला.” आणि त्याने तीही रिकामी केली, त्यापुढचीही.

पाण्याचं बोलणं काढण्याआधीच तो कलंडला. हात गार, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओ नाही. मुखियाणीने त्याच्या अंगावर चटई घातली आणि सांगितलं, की परवा उठेल, झोपू द्या. तिचा तो शांतपणाच बहिणीला खुनाचा पुरावा वाटला.

ती धावत किनाऱ्यावर गेली. तिच्या आक्रोशाने होड्यांतली माणसं कुऱ्हाडी घेऊन वर आली. मुखियाणी आडवी आली, हात जोडून सांगत राहिली, की त्याच्या नाकाशी बोट धरून बघा. कुणी बघितलं नाही. पाच वर्षांचे काव्ह्याचे मळे त्यांनी मुळासकट उपटले आणि पेटवले. पुढच्या लागवडीसाठी राखलेली कांडीही जळाली. मग म्हाताऱ्याला होडीत घालून ते परत फिरले.

मुखियाणीने पाठलाग केला नाही. तिने झऱ्याची वाट दगडांनी बंद केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा उठून बसला. पुरायची तयारी झाली होती. त्याने एकच विचारलं, “पाणी कधी आणायचं?”

बहीण त्याच्या पायांशी बसली आणि तिनेच सगळं सांगितलं. त्याच दिवशी तो एकटा होडी घेऊन क्षमा मागायला निघाला. डोंगरी बेटाच्या किनाऱ्यावर मुखियाणी भेटली. ती म्हणाली, “क्षमा काव्ह्यावर होते, भाऊ. तेवढंही मूळ तुमच्या माणसांनी ठेवलेलं नाही.”

महिन्याभरात वाळूचं बेट रिकामं झालं. ज्याला जिथे थारा मिळाला तिथे तो गेला, काही होड्या कुठेच पोचल्या नाहीत. बहीण शेवटपर्यंत विहिरीपाशी बसून होती.

त्या परक्या होडीतल्या माणसाचं बोलणं खरंच होतं. तीन करवंट्यांनी माणूस दोन दिवस पडून राहतो. मरत मात्र नाही.

म्हणून, दुसऱ्याच्या मातीतलं आपल्या मापाने मोजू नये आणि अर्धं ऐकलेलं आपल्या भीतीने पुरं करू नये.