पुलाची पूजा हलत नाही

पाथरवाड्याच्या नाल्यावर तो लोखंडी पूल दिसतो ना, त्यावरून आता ट्रॉली जात नाही. पलीकडची चुनखडीची खाण बुजली, अलीकडची भट्टी विझून पडली. पूल मात्र उभा आहे, अन् त्याच्या पहिल्या खांबावर बारा महिने कुंकवाचं बोट असतं. हात लावा, पण ते पुसू नका. का, ते ऐका.

खाण चालू होती तेव्हा भागरताबाई तिथं ट्रॉल्यांच्या चाकांना वंगण घालायची, असं सांगतात. नवरा आधीच गेलेला. तान्ही लेक लुगड्याच्या झोळीत पुलाला टांगायची अन् कामाला लागायची. ट्रॉली आली की पूल थरथरायचा, झोळी आपसूक हलायची. लेकीला निजवायला अंगाई कधी लागलीच नाही म्हणे.

पुढं खाण बंद झाली. लेक नाल्यापलीकडं बोरीला नांदायला गेली. भागरताबाई रोज पुलावरून जाऊन नातवंडांना भेटून यायची. अशात एका नवरात्रात भंगाराचा ठेका घेतलेला नथ्थू मुकादम दहा माणसं अन् गॅसकटर घेऊन आला. दसरा झाला की पूल कापणार, म्हणाला. पूल गेला की लेक पाच कोसांच्या वळशावर जाणार! 

खंडेनवमीला मुकादमाच्या माणसांनी कटर, हातोडे मांडून पुजले. भागरताबाई तिथं नथ्थूकडं गेली.

"बापू, उरलेलं हळदकुंकू दे. माझंही हत्यार पुजायचं हाय."

"घे ना माय. इळा हाय का खुरपं?"

ती पुलाकडं गेली. पुलाच्या पहिल्या खांबाला तिनं कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. त्यातलं खोबरं नथ्थूनंही खाल्लं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माणसांनी हत्यारांवर अक्षता टाकल्या, पूजा उठवायच्या रीतीप्रमाणं ती बोटभर जागची हलवली अन् पुलाकडं निघाली. म्हातारी खांबाशी बसलेली.

"ऊठ माय, काम करू दे," नथ्थू म्हणाला.

"करा ना. माझी पूजा तेवढी हलवून द्या. पूजा न हलवता हत्याराला हात लावता का तुम्ही?"

"अवं, पूल कुठं हलतो का?"

"मंग हलेपर्यंत थांबा."

माणसं हसली. पण त्यांच्यातल्या थोरल्या कारागिरानं कटर खाली ठेवला. "मुकादम, मांडलेली पूजा म्या कापत नाही." नथ्थूनं रागानं अक्षता फेकल्या, खांबाला खांदा लावला. मग दहाही जणांनी लावला. रिकाम्या ट्रॉलीनं थरथरणारा पूल त्या दिवशी केसभरही हलला नाही म्हणे. शेवटी घाम पुसत नथ्थूच हसला. "जितलीस माय!" भट्टीचे पत्रे तेवढे घेऊन तो गेला.

आजही खंडेनवमीला गावातल्या बाया बोल्टांना वंगण देतात, पूल पुजतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून सगळ्यात थोरलं माणूस खांबाला खांदा लावतं अन् विचारतं, "हलला का?"

"नाही हलला!" म्हणून गाव ओरडतं, अन् खोबरं खात घरी जातं.