चाळिसावे जोते

गाडी तिथे लावू नका. ते मोकळे जोते दिसते ना, ज्याच्यापुढे नुसती दगडी चौकट उभी आहे, ते सोडून कुठेही लावा. चपला काढायची गरज नाही, ते देवस्थान नव्हे. देव असता तर तुमच्यासारख्यांनी शेंदूर फासून, नारळ फोडून केव्हाच हात झटकले असते.

या वडारवस्तीत एकोणचाळीस घरे आहेत, सगळी काळ्या दगडाची. चाळिसावे नाही. सरकारच्या यादीत मात्र ते आहे, आणि त्यात दुर्गव्वा राहते असे लिहिले आहे. खरे काय झाले ते ऐकायचे असेल तर बसा. घाई असेल तर आल्या वाटेने परत जा.

सत्तर वर्षे झाली म्हणे. तेव्हा या खाणीच्या कडेला चाळीस झोपड्या होत्या. शहरातली कचेरी, पूल, साहेबांचे बंगले, सगळ्यांचा दगड इथल्या माणसांनी फोडला, आणि फोडणारे गवताखाली निजत. मग सरकारच्या मनात आले की गरिबांना पक्की घरे द्यावीत. ठरले असे की जोती वडारांनी घालायची, वरच्या भिंती आणि छत ठेकेदाराने बांधायचे. किल्ली हवी असेल तर आधी आपली झोपडी पाडायची, अशी अट होती.

माणसे बिचकली. हातचे छप्पर कोण मोडेल? सगळे दुर्गव्वाकडे गेले. दुर्गव्वा वस्तीतली जाणती, नवऱ्यामागे खाण सांभाळलेली. दगडावर हातोडा टेकवला की त्याच्या पोटात चीर आहे का, हे ती आवाजावरून सांगत असे, आणि कधी चुकली नव्हती. ती उठली आणि चाळीसही जोती वाजवून आली. सगळी खणखणीत वाजली. वाजणारच, तिच्याच माणसांनी घातली होती! वडार घर बघतो ते जोत्यात; वरच्या भिंतीला तो फारसा मोजत नाही. तिथेच ती चुकली. तिने भिंतींना हातोडा लावलाच नाही.

"पाडा," ती म्हणाली.

तिच्या एका शब्दावर चाळीस झोपड्या भुईसपाट झाल्या. तिची सून चंद्रव्वा नऊ महिन्यांची गरोदर होती. तीही गाठोडे घेऊन लिंबाखाली बसली.

दुसऱ्या दिवशी मांडव पडला, वाजंत्री आली, साहेब आले. पहिली किल्ली दुर्गव्वाला मिळाली. दार उघडण्याआधी, निव्वळ हाताच्या सवयीने, तिने भिंतीवर हातोडा टेकवला. आवाज बद्द आला. तिने कोपऱ्यावर वाजवले. तिथेही बद्द. नखाने चुना खरवडला तर आत राख आणि माती निघाली. असे सांगतात की साहेबाचा राग तिला नंतर आला. आधी स्वतःचीच लाज वाटली. लिंबाखाली बसलेली सून तिला दिसत होती, आणि कालचा आपला शब्द कानातून जात नव्हता.

"साहेब, आत या की," ती म्हणाली. "पयला च्या तुमचा."

"नको बाई, मी इथंच बरा."

"का बरं? घर चांगलं हाय न्हवं?"

"उत्तम आहे. नशीब समजा तुमचं."

"मग आत उभं ऱ्हावा. मी भायेरनं चारी कोपऱ्यांवर येक येक घण मारती. घर टिकलं तर जल्मभर तुमच्या नावानं दिवा लावीन."

साहेब हसले. ठेकेदार हसला नाही. साहेबांनी ठेकेदाराच्या तोंडाकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरकले. सगळ्या वस्तीने ती दोन पावले पाहिली.

"म्हातारीला वेड लागलंय," साहेब म्हणाले. "बाजूला घ्या हिला."

शिपाई पुढे आला. तोवर दुर्गव्वाने मुलाच्या, हणमंताच्या, हातातला घण ओढून घेतला होता. "चंद्रव्वाला लांब ने," एवढेच ती त्याला म्हणाली. मग आत शिरली आणि कडी घातली.

"पाडा म्हणून म्याच सांगितलं," आतून आवाज आला. "आता ह्ये बी म्याच पाडती."

तीन घाव ऐकू आले. तिसऱ्याला भिंती बसल्या आणि छत खाली आले. वडारांच्या हाताने रोवलेली दगडी चौकट तेवढी उभी राहिली, आणि जोत्यावर रेघसुद्धा उमटली नाही. साहेब गळ्यातल्या हारासकट मोटारीकडे पळाले.

ढिगाऱ्याखालून घण वाजतच राहिला, असे म्हणतात. चंद्रव्वाच्या कळा तेव्हाच सुरू झाल्या. झोपडी नाही, घर नाही. बायांनी जोते मोकळे केले, दुर्गव्वाचा देह बाहेर काढून लिंबाखाली निजवला आणि जोत्याभोवती लुगड्यांचा आडोसा धरला. तिथे मुलगी झाली. ती रडली आणि तोवर जोत्यातून येणारा घणाचा आवाज थांबला म्हणे.

उरलेली एकोणचाळीस घरे वडारांनी आपल्या हाताने पाडली आणि त्याच जोत्यांवर काळा दगड चढवला. सरकारने काय केले? चाळीस घरे पूर्ण, चाळीस कुटुंबे सुखात, असे लिहून फाईल बंद केली. लाज वाटली नाही कोणाला.

आजही या जोत्यावर हातोडा टेकवा, खणखणीत वाजते. आणि आजही वस्तीत कोणी नव्या घराची किल्ली घेऊन आला की आधी त्याने आत उभे राहायचे, आणि वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने बाहेरून चारी कोपऱ्यांवर घण मारायचा. मगच किल्ली घेतात. आजवर तीन साहेब उंबऱ्यावरूनच परतले. त्यांच्या घरांत कुत्रेसुद्धा बसत नाही. एक मात्र उभा राहिला. घामाघूम झाला, पण उभा राहिला. शाळेमागच्या त्याच्या घरांत आज माणसे नांदतात.

नाल्यापलीकडची ती नवी पिवळी घरे तुमचीच ना? पिशवीतला किल्ल्यांचा जुडगा मघापासून ऐकू येतोय. जोत्याजवळ घण टेकून उभी आहे, तीच त्या दिवशी जन्मलेली पोर. सत्तरीची झाली, पण हात अजून पक्का आहे.

चला, साहेब. आत उभे राहा.