नाव ओठांवर येईपर्यंत

“पण बाई, नाव ठाऊक असूनही ते सांगायला हिला इतका वेळ का लागावा?”

चारुलतेने हातातलं घड्याळ थांबवलं. मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करणारी ती, पुण्याहून आजऱ्याच्या या बालवाडीत आली होती. लहानपणी ती इथेच, कुमुदबाईंच्या हाताखाली शिकली होती.

समोरच्या तक्त्यावर चेंडू, छत्री, मांजर, पुन्हा छत्री... अशी चाळीस चित्रं. झरझर नावं सांगत जायचं. चार वर्षांची ओवी मात्र दर चित्रापाशी थबकत होती.

“ही मागे पडणार,” चारुलता म्हणाली. “पुढे वाचतानाही अडखळेल.”

बाईंनी ओवीला अंगणात खेळायला पिटाळलं.

“नाव आधी पोटात असतं, चारू. ओठांवर यायची वाट त्याला हळूहळू सापडते.”

“किती दिवसांत सापडते, तेच मोजायला आलेय मी.”

बाई उठल्या. त्यांनी कपाटातून एक फोटो काढला. तीस वर्षांपूर्वीचा वर्ग.

“रोज सकाळी गोल बसून तुम्ही एकमेकांची नावं घ्यायचात. जूनमध्ये अर्धा तास जायचा. दिवाळीपर्यंत एका दमात व्हायचं.”

चारुलता हसली. टोचणारी गोणपाटाची बसकरं, दारातली चपलांची रास... सगळं जवळ आलं.

“घे बघू आता.”

“जनार्दन, मैनुद्दीन, लीला, हौसा, दत्तू, यमुना...”

बोट फोटोवरून भराभर सरकत होतं. जीभ कुठे अडेना. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आणि बोट थांबलं.

दोन आखूड वेण्या, चारूच्या खांद्यावर टाकलेला हात. चारू बोलायला बुजायची, तेव्हा हीच तिच्या कानात नावं सांगायची. पहिलीत जायच्या आधीच तापाने गेली.

बाहेर मुलांचा गलका चालला होता.

“विसरलीस?”

चारुलतेने मान हलवली. नाही. ओठ हलले, आवाज फुटेना. बाई तिच्याशेजारी सतरंजीवर येऊन टेकल्या. त्यांनी घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “शेवंती...”

बाईंनी फोटो आपल्या मांडीवर घेतला. पदराने काच पुसली.

“लवकर सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “मला अजून जमत नाही.”