पाहिल्याचा दगड

कातळवाडीच्या देवळापुढे जमिनीत अर्धा रुतलेला एक काळा, सपाट दगड आहे. त्याला शेंदूर नाही, त्यावर फूल कोणी वाहत नाही. गावात तंटा झाला, बैठक बसली, की साक्ष देणारा पायातलं काढून त्या दगडावर उभा राहतो आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. 'मला वाटतं' म्हणायचं असेल तर खाली मातीत उतरायचं, मग हवं तेवढं बोलायचं. गावामागचा कडा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. मग गावातले सगळ्यांत म्हातारे खेवजीबाबा त्यांना तिथंच बसवून घेतात आणि हौसाची हकिगत सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे, म्हणे. तेव्हा गावाचं पोट कड्यावरच्या मधावर चालायचं. चैत्रात आग्या मोहोळाची पोळी भरली की गडी दोराला लोंबकळत कड्यात उतरत. दोराचा एक वेढा वरच्या खडकाला आणि टोक एका माणसाच्या हातात. तो माणूस उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊच असला पाहिजे, असा रिवाज होता. आपल्या हातानं बहिणीचं कुंकू कोण पुसेल?

हौसाचा नवरा धावजी या कामात तरबेज होता आणि त्याचा दोर तिचा भाऊ बुधा धरायचा. बुधा तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. आई गेल्यावर हौसानंच त्याला वाढवलेलं.

त्या वर्षी धावजी आणि बुधात बिनसलं. बुधा बहिणीला चार दिवस माहेरी न्यायला आला होता आणि धावजीनं पाठवायला नकार दिला. शब्दानं शब्द वाढला, धक्काबुक्की झाली. "एक दिवस पस्तावशील, दाजी," असं बुधा अंगणातून ओरडून गेला. हौसानं ते चुलीपुढे बसून ऐकलं.

तरी तिसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे बुधा दोर धरायला आला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. धावजी उतरला. हौसा कड्याच्या पायथ्याशी, मधाचे डबे घेऊन उंबराखाली उभी होती. धूर वर चढला, माश्या खवळून उठल्या, आणि एकाएकी दोर सगळाच्या सगळा खाली आला. त्याच्याबरोबर धावजीही आला.

दुपारी याच देवळापुढे गाव जमलं. बुधा घोंगडीत हात गुंडाळून खाली मान घालून बसला होता. माश्यांनी त्याचं तोंड असं सुजवलं होतं की डोळेही उघडत नव्हते. गावच्या नाईकानं हौसाला विचारलं, "पोरी, काय झालं?"

"यानं दोर सोडला," हौसा म्हणाली.

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. या डोळ्यांनी पाहिलं."

नाईकानं बुधाकडे वळून विचारलं, "तुला काय सांगायचंय?" बुधानं बहिणीच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "आक्का म्हणते ना पाहिलं? मग मी काय सांगू?"

सूर्य मावळायच्या आत त्याला गावाची शीव ओलांडायला लावली. त्याला कोणी पाणी विचारलं नाही. हौसा दाराआड उभी होती, असं सांगतात. तिनं हाक मारली नाही.

दोन वर्षं गेली. पुन्हा चैत्र आला. हौसा सरपणाला कड्याखाली गेली आणि दमून त्याच उंबराखाली टेकली. तेवढ्यात वरून तिच्या जावेची, रखमाची, हाक आली. रखमा वर गवत कापायला गेली होती.

"हौसे, वर ये ना, मला भारा उचलू लाग गं!"

"अगं, पण आहेस कुठं?"

"ही काय इथं! दोर धरतात त्या खडकापाशी! हात करतेय, दिसत नाही का?"

हौसानं मान वर केली. कड्याचं पोट पुढं आलेलं होतं. त्याच्यावर आभाळ होतं. रखमा नव्हती, तिचा हात नव्हता, खडकही नव्हता. हौसा चार पावलं इकडे सरकली, चार तिकडे. उंबरापासून कुठूनही वरचं माणूस दिसत नव्हतं.

सरपण तिथंच टाकून ती घरी आली आणि भाकरी बांधून चालू लागली. कोणी म्हणतात दोन दिवस चालली, कोणी म्हणतात पाच. गावोगाव विचारत ती घाटाखालच्या एका वाडीत पोचली. तिथं एका म्हातारीकडे बुधा गुरं राखायला राहिला होता. मागच्या पावसाळ्यात तापानं गेला.

"तुझा कोण?" म्हातारीनं विचारलं.

"भाऊ."

"गुणाचं पोर होतं गं. पण हातानं अधू. दोन्ही तळव्यांचं कातडं पार सोलून गेलेलं, बोटं आत वळलेली. मूठ उघडायची नाही. भाकरी मीच मोडून द्यायची. कसं झालं म्हणून किती विचारलं, कधी सांगितलं नाही."

हौसा त्या ओसरीवर बसून राहिली. म्हातारीनं तिच्यापुढे पाणी ठेवलं, ते तिला पिववलं नाही.

परत आल्यावर तिनं नाईकाला गाव जमवायला लावलं. अनवाणी ती या दगडावर चढली आणि म्हणाली, "दोर खाली येताना मी पाहिला. माझा माणूस पडताना पाहिला. एवढंच पाहिलं." मग ती खाली मातीत उतरली. "बुधानं दोर सोडला, हे मला वाटलं होतं. अंगणातलं त्याचं बोलणं माझ्या कानात होतं. मी वाटलेलं पाहिलेलं म्हणून सांगितलं." मग घाटाखालच्या म्हातारीनं बुधाच्या हातांचं सांगितलं होतं, ते तिनं सगळ्यांना ऐकवलं.

नाईकाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "म्हणजे दोर त्यानं सोडला नव्हता. त्याच्या हातून सुटला होता."

"ते तरी मी कुठं पाहिलं, दादा?" हौसा म्हणाली. "त्याचे हात त्या म्हातारीनं पाहिले. मी तर तेही पाहिले नाहीत. इथं, माझ्यासमोर, घोंगडीत होते."

त्या दिवसापासून गावानं हा दगड साक्षीचा ठरवला. कड्यात उतरणंही तेव्हापासून बंद झालं.

हौसा पुढे पुष्कळ जगली, म्हणे. म्हातारपणी बायका तिची समजूत घालायच्या, "बुधानं तुला कधीच माफ केलं असेल गं." ती मान हलवायची. "तुम्हाला वाटतं, बायांनो. मलाही कधी कधी वाटतं." एवढं बोलून ती उठून कामाला लागायची.

आजही कातळवाडीत साक्षीला आलेला माणूस दगडावर पाय ठेवण्याआधी क्षणभर थांबतो. कितीकजण तिथूनच मागे फिरतात आणि मातीत उभे राहून बोलतात. त्यांना कोणी हसत नाही. कड्यावर माश्यांची पोळी आहेत, चैत्रात ती मधानं जड होतात आणि उन्हानं फुटून मध खडकावरून ओघळतो. तो कोणी काढत नाही.